माळावरची नजर

सातारा जिल्ह्याला दोन तोंडं आहेत. पश्चिमेला महाबळेश्वर, तिथं पावसाळ्यात पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्वेला माण तालुका, तिथं पाचशेपर्यंत गेला तरी माणसं वर्ष बरं गेलं म्हणतात. चित्रांच्या वह्या, कॅमेरे आणि कवितेच्या डायऱ्या घेऊन निघालेली मंडळी बहुधा पश्चिमेची गाडी धरतात. कासचं पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेव्हापासून तर सप्टेंबरात तिथं फुलांपेक्षा माणसं जास्त. ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ हे शब्द उच्चारले की आपल्या डोळ्यांपुढे हिरवंच येतं, त्यात धुकं, एखादा धबधबा. हिरव्याशी माझं भांडण नाही. पण जनावर, झाड, माती आणि माणूस या सगळ्यांना एकाच नजरेनं पाहणारा मराठीतला मोठा लेखक आला तो पूर्वेकडून, कुसळांच्या मुलखातून.

व्यंकटेश दिगंबर माडगूळकर. जन्म १९२७, गाव माडगूळ, तालुका आटपाडी. जवळची माणसं त्यांना तात्या म्हणत. कथाकार, कादंबरीकार, नाटककार, पटकथाकार म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहेत. ते चित्रं काढत, स्वतःच्या लेखनासोबत स्वतःची रेखाटनं देत, आयुष्याचा बराच काळ शिकारी आणि त्याहून जास्त काळ रानातले निरीक्षक होते, हे मात्र पुस्तकाच्या मलपृष्ठावरच्या परिचयात शेवटच्या ओळीत येतं. माझ्या मते ती पहिली ओळ हवी.

साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले, म्हसवड असा पंढरपूरचा रस्ता आहे. कोरेगावपर्यंत ऊस दिसतो. पुसेगाव सोडलं की रंग बदलायला लागतो आणि दहिवडीनंतर डोळ्यांना अडवणारं काही उरत नाही. माळ, मग टेकाड, पुन्हा माळ. बाभळ, बोर, तरवड, मधूनच लिंबाचं एखादं झाड आणि त्याच्या सावलीला दाटीनं उभी मेंढरं, एकमेकींच्या पोटाखाली मुंडकी घालून. माण नदी याच तालुक्यातल्या कुळकजाईच्या डोंगरात उगवते. आटपाडी आणि सांगोला ओलांडून ती पुढे भीमेला मिळते. लोक तिला माणगंगा म्हणतात. गंगा म्हणायचं आणि वर्षातले बरेच महिने तिच्या वाळूत झरा उकरून पाणी भरायचं, असा तो संसार. या नदीच्या दोन्ही अंगांचा मुलुख तो माणदेश. सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांत तो वाटला गेलाय, त्यामुळे सरकारी नकाशावर सापडत नाही.

माडगूळ गाव तर जागचं न हलता प्रवास करत राहिलं. माडगूळकर जन्मले तेव्हा ते औंध संस्थानात होतं. ८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झालं, १९४९ मध्ये दक्षिण सातारा नावाचा जिल्हा निघाला आणि २१ नोव्हेंबर १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. म्हणून साताऱ्याचे लोक माडगूळकरांना आपले म्हणतात, सांगलीचेही म्हणतात, आणि दोघांचंही बरोबर आहे.

औंधाचं नाव निघालं की थोडं थांबायला हवं. बाळासाहेब पंतप्रतिनिधी, म्हणजे भवानराव, हे गादीवर बसलेले चित्रकार. स्वतः कुंचला धरून त्यांनी रामायणाची चित्रं काढली. वेरूळ आणि अजिंठ्यावर पुस्तकं केली. सूर्यनमस्काराचा त्यांना असा ध्यास की शाळाशाळांतून ते घालायला लावले. १९३९ साली त्यांनी गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यकारभार प्रजेच्या हाती देणारी घटना आणली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंती नसलेली कैद्यांची वसाहत याच संस्थानातली. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’चं बीज तिथलं, आणि तो चित्रपट लिहिला तात्यांच्याच थोरल्या भावानं, ग. दि. माडगूळकरांनी. औंधच्या डोंगरावर महाराजांनी बांधलेलं संग्रहालय आजही आहे. रविवर्मा, धुरंधर यांच्या चित्रांच्या दालनांतून फिरताना मध्येच हेन्री मूरचं ‘आई आणि मूल’ समोर येतं आणि माणूस चकित होतो: खटाव तालुक्यात, दुष्काळी पट्ट्यात, हेन्री मूर! एवढ्याशा संस्थानाच्या राजाला कारखान्याला माळरान द्यावंसं वाटलं (किर्लोस्करवाडी १९१० ची), कैद्यांना मोकळं सोडावंसं वाटलं आणि इंग्लंडातला शिल्पकार विकत घ्यावासा वाटला. अशा राज्यातल्या पोराला हातात पेन्सिल घेणं हा पोरखेळ वाटला नसणार.

तात्यांचे वडील या संस्थानात कारकून होते. कारकुनाचं बिऱ्हाड बदलीच्या हुकुमावर चालतं. औंध संस्थान सलग नव्हतं, इंग्रजी मुलखात विखुरलेले त्याचे तुकडे होते, त्यामुळे एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात जायचं म्हणजे मुलुख बदलायचा. तात्यांच्या आयुष्यातला पहिला प्रवास असा, पोटामागचा. दुसरा बेचाळीसचा. पंधरा-सोळा वर्षांच्या वयात शाळा सोडून ते चळवळीत गेले आणि भूमिगत झाले. त्या काळावर त्यांनी पुढे ‘कोवळे दिवस’ लिहिलं. भूमिगत माणूस वाट तुडवतो ती इतरांसारखी नाही. कुठं कुत्रं भुंकेल, कुठल्या ओढ्याला दडण आहे, कोणत्या घराचं दार वाजवायचं, पाऊल कुठं उमटतं, हे त्याला आधी पाहावं लागतं. शिकाऱ्याला आणि शिकारीला, दोघांनाही लागणारं हे शिक्षण आहे. ते या मुलाला मिसरूड फुटायच्या वयात मिळालं.

तिसरा प्रवास १९४८ चा. गांधीहत्येनंतर ब्राह्मणांची घरं जळाली, त्यात माडगूळचं घरही गेलं. यावरची कादंबरी ‘वावटळ’ यायला १९६४ साल उजाडावं लागलं. पुण्याहून गावाकडे निघालेल्या तरुणांच्या वाटचालीची ती गोष्ट आहे. पायी, मिळेल त्या वाहनानं, वाटेत जळकी घरं बघत. आपलं घर जाळणाऱ्यांबद्दल लिहिताना लेखकाचा आवाज चढलेला नाही. वर्ष-दोन वर्षांत लिहिली असती तर कदाचित चढला असता. सोळा वर्षं ती राख त्यांनी निवू दिली.

प्रवासानं कलावंत घडतो, असं आपण म्हणतो तेव्हा मनात हौशीचा प्रवास असतो: पाठीवर सॅक, खिशात तिकीट. माडगूळकरांचे घडणीचे प्रवास बदली, पोलीस आणि आग यांनी करवले. माणदेशातल्या माणसाला हे नवं नाही. तिथं निम्मा मुलुख कायम वाटेवर असतो. दिवाळी झाली की मेंढक्यांचे वाडे कोकणाच्या दिशेनं हलतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. घोड्यावर बिऱ्हाड: घोंगडी, भांडी, मेंढरं कोंडायच्या जाळीची वाघूर, नुकतं जन्मलेलं कोकरू, वर पाय बांधून बसवलेल्या कोंबड्या आणि कधी त्या सगळ्याच्या शेंड्यावर एखादं पोर. पुढं बाया घोडी घेऊन, मागं गडी मेंढरं घेऊन. मुक्कामाला एखाद्याच्या रानात मेंढरं बसवायची. रानाला लेंडीचं खत मिळतं, वाड्याला धान्य किंवा चार पैसे. रात्री कुत्री जागतात. शेकडो मेंढरांतलं नेमकं कोणतं आज कमी चरलं हे मेंढक्याला ठाऊक असतं, कारण ते ठाऊक नसलेला मेंढका फार दिवस मेंढका राहत नाही. या लोकांच्या शेजारी ज्याचं बालपण गेलं त्याला निरीक्षणाचा वेगळा क्लास लावायची गरज नव्हती.

चित्रकार व्हावं ही त्यांची पहिली ओढ होती. शिक्षण अर्धं राहिलं, इंग्रजी त्यांनी स्वतःच्या स्वतः शिकून घेतली. गोष्टी लिहायला लागले आणि गोष्टींनी चित्राला मागं टाकलं, तरी ते पुसून टाकलं नाही. १९४९ चं ‘माणदेशी माणसं’ उघडून पाहा. ती व्यक्तिचित्रं आहेत, आणि चित्र हा शब्द तिथं शब्दशः घ्यायचा. माणूस आधी लांबून येताना दिसतो. चाल, खांद्यावरचं घोंगडं, अंगरख्याची फाटकी बाही. मग तो बोलतो, थोडंच. मग काहीतरी करतो. त्याच्या मनात काय चाललंय हे लेखक सांगत बसत नाही. गाडगीळ, गोखले, भावे यांच्याबरोबर माडगूळकरांचं नाव नवकथेच्या प्रवर्तकांत घेतलं जातं. पण बाकीचे मनाच्या आत उतरण्याच्या खटपटीत असताना हे गृहस्थ माणसाच्या बाहेर, दहा पावलांवर बसून होते. तितर बघणारा असाच बसतो. फार जवळ गेलं तर तो उडून जातो.

‘बनगरवाडी’ (१९५५) ही या बसण्याची परमावधी. एक तरुण मास्तर पहाटे उठून माळ तुडवत एका धनगरवस्तीवर नेमणुकीला जातो, तिथून कादंबरी सुरू होते. पोचतो तर वाडी रिकामी. दिवसा माणसं मेंढरांमागं, पोरंही मेंढरांमागं, शाळेला येणार कोण? गावाशी त्याची ओळख आधी त्याच्या गैरहजेरीतून होते. हळूहळू कारभारी, आनंदा रामोशी आणि बाकीचे समोर येत जातात. त्यात शेकूचा प्रसंग आहे. पेरणी दारात आली, बैलाची जोडी जमेना, तेव्हा शेकूची बायको दुसऱ्या बैलाच्या जागी स्वतः जुंपून घेते. दुसऱ्या एखाद्या लेखकानं इथं करुणेचा पाट सोडला असता. माडगूळकर काय होतं ते सांगतात आणि पुढं जातात. माळावर जे जे जगतं ते ओढत जगतं, मग ते मेंढरू असो, बैल असो की बाई. ही गोष्ट त्यांनी कुणाला समजावून सांगितली नाही. समजावली असती तर आपण पान उलटलं असतं.

मास्तर वाडीवर तालीम बांधवून घेतो आणि तिच्यासाठी खुद्द राजेसाहेब येतात. सूर्यनमस्काराच्या छंदापायी औंधचा राजा खेडोपाडी फिरायचा, हे आठवलं की तो प्रसंग कल्पनेतला उरत नाही. मग कारभारी जातो. मग पाऊस दगा देतो, मेंढरं मरायला लागतात, माणसं वाट धरतात आणि वाडी पुन्हा रिकामी होते. माणसं असलेल्या मुलखाची कादंबरी माणसं नसलेल्या मुलखात सुरू होते आणि तिथंच येऊन थांबते. या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद १९५८ साली ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’ नावानं निघाला. अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये त्यावर चित्रपट केला.

त्याच १९५५ सालात माडगूळकर पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात लागले, आणि त्याच केंद्रावरून १ एप्रिलपासून थोरल्या भावाचं गीतरामायण सुरू झालं. दोन भाऊ, एकच माती, एकच वर्ष, एकच माइक. अण्णांनी, म्हणजे थोरल्यानं, त्या मातीतून नाद उचलला: ओवी, कीर्तन, जात्यावरची चाल. माडगूळला ‘बामणाचा पत्रा’ म्हणून शेतातलं एक पत्र्याचं घर आहे, अण्णा गावी आले की तिथं बसून लिहीत. तात्यांनी त्याच मातीतून रेषा उचलली. निसर्ग कलावंताला घडवतो हे खरं असेल, पण एकाच घरातल्या दोघांना तो एकसारखं घडवत नाही. तेव्हा ‘मातीचा संस्कार’ वगैरे मोठे शब्द वापरताना माडगूळकर बंधू आठवलेले बरे.

रेडिओची नोकरी त्यांनी तीसेक वर्षं केली. ती करता करता सुट्टीला बंदूक घेऊन रानात जाणं चालू होतं. शिकारीच्या लेखनाची मराठीत तेव्हा एक ठरलेली तऱ्हा होती: मचाण, डरकाळी, गोळी, फोटो. माडगूळकरांच्या शिकारकथांत गोळीपेक्षा वाट बघणं जास्त आहे, आणि जखमी जनावराच्या मागावर चालताना शिकाऱ्याला येणारी शरमही. पुढं बंदूक गळ्यातून उतरली आणि दुर्बीण चढली. देशात १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, अनेकांच्या बंदुका त्या धाकानं खुंटीला गेल्या. माडगूळकरांची गेली ती, त्यांचं लेखन वाचताना वाटतं, बघण्याची भूक मारण्याच्या भुकेहून मोठी झाल्यामुळे. जनावर पडलं की बघायचं संपतं. चित्रकाराला ते परवडत नाही.

विदर्भातल्या नागझिऱ्याला ते तळ्याकाठी मुक्काम ठोकून राहिले. ‘नागझिरा’ हे पुस्तक त्यातून आलं. त्यात वाघाची फार धावपळ नाही. पाण्यावर कोण कधी येतं, कोण कुणाला वाट देतं, गव्याच्या कानामागं काय चिकटलंय, झाडाची साल कुणी खरवडली. सोबत रेखाटनं, दोन-चार रेषांत संपणारी. वनाधिकारी मारुती चितमपल्ली त्यांचे स्नेही. मराठी रानलेखनाच्या या दोन मोठ्या वाटा एकमेकींना रानातच भेटल्या, ही चांगली गोष्ट झाली. चितमपल्लींकडे वनखात्याचं ज्ञान आणि संस्कृत ग्रंथांचा आधार, माडगूळकरांकडे पेन्सिल आणि मेंढक्याची सवय. खरं सांगायचं तर माडगूळकरांचं सगळंच रानलेखन सारख्या तोलाचं नाही. काही लेख वहीतल्या नोंदी तशाच छापायला दिल्यासारखे पातळ वाटतात. पण त्या नोंदी नसत्या तर ‘सत्तांतर’ झालं नसतं.

‘सत्तांतर’ (१९८२) छोटंसं पुस्तक, पात्रं वानरं. टोळीचा म्होरक्या, त्याच्यावर चालून येणारा दुसरा नर, माद्या, पिलं. नवा नर टोळी जिंकतो आणि जुन्याची पिलं मारतो. हे क्रौर्य लेखकानं राजकारणावर टीका करायला रचलेलं नाही. जपानी अभ्यासक युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकात धारवाडजवळच्या रानात वानरांच्या टोळ्यांत नेमकं हेच घडताना नोंदवलं होतं. सारा हर्डी यांनी पुढं अबूच्या पहाडावर तेच पाहिलं आणि १९७७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. शास्त्रज्ञांमध्ये त्यावरून बरीच वादावादी झाली: हा विकार की व्यवहार? पिलं गेली की माद्या लवकर पुन्हा माजावर येतात आणि नव्या नराचा वंश चालतो, हे कारण आता बहुतेकांना पटलेलं आहे. माडगूळकर या वादात शिरत नाहीत. ते वानरांना माणसासारखं बोलायला लावत नाहीत, पंचतंत्र करत नाहीत. तरीही वाचताना गावची चावडी आठवतेच, कारण ‘बनगरवाडी’त माणसं ज्या अंतरावरून पाहिली होती त्याच अंतरावरून इथं वानरं पाहिलीत. माणसांना जनावरांसारखं आणि जनावरांना माणसांसारखं लिहिणं सोपं असतं. दोघांनाही एकाच वहीत, एकाच पेन्सिलीनं काढणं मला तरी मराठीत फारसं दुसरीकडे सापडलेलं नाही. या पुस्तकाला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

हौशीचे प्रवासही त्यांच्या वाट्याला आलेच, उशिरा. ऑस्ट्रेलियाच्या प्रवासावरच्या पुस्तकाचं नाव त्यांनी काय ठेवावं? ‘पांढरी मेंढरे, हिरवी कुरणे’. सिडनीचा पूल बाजूला राहिला. माणदेशच्या माणसाच्या नजरेत पहिल्यांदा भरली ती मेंढरं, आणि ती कशी, तर पांढरी! आपली काळी, तपकिरी, कुसळं अंगावर मिरवणारी. कुरणं हिरवी! आपली पिवळी, तीही चार महिन्यांची. नुसत्या विशेषणांतून लेखकाचा पत्ता कळतो. जगात कुठंही गेला तरी माणूस आपल्या मुलखाच्या मापानं मोजतो, आणि माडगूळकरांनी ते माप लपवायचा प्रयत्न कधी केला नाही. पुण्यात ते अर्धशतकाच्या आसपास राहिले, तिथंच २८ ऑगस्ट २००१ ला गेले. पण पुण्याची कादंबरी त्यांनी काही लिहिली नाही.

आज त्यांचा माणदेश तसाच बघायला मिळेल या आशेनं गेलात तर गोंधळ उडेल. कृष्णेचं पाणी टेंभू योजनेतून उचलून आटपाडीकडे आलंय. जिथं हुलगा आणि मटकी यायची तिथं डाळिंबाच्या बागा आहेत, शेततळी आहेत, त्यांच्यावरचा काळा प्लास्टिकचा कागद लांबून चमकतो. हे वाईट झालं असं म्हणायची माझी छाती नाही. शेकूच्या बायकोची गोष्ट वाचलेल्या माणसानं तर म्हणूच नये. बागा वाढल्या तशी चराई आकसली, कुंपणं आली, मेंढक्यांच्या जुन्या वाटांवर रस्ते आणि प्लॉट पडले. जतकडची माडग्याळी मेंढी आता बाजारात चढ्या भावानं जाते, तिचे फोटो मोबाइलवर फिरतात. ती राखणारा मात्र चारायला माळ शोधत आणखी लांब जातो.

आणि लांडगा अजून आहे. आटपाडीजवळचं साधारण साडेनऊ चौरस किलोमीटरचं रान २०२३ मध्ये संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालं, ते मुख्यतः लांडग्यासाठी. सांगली-साताऱ्याच्या या कोरड्या टोकाला ‘निसर्ग’ म्हणून कागदोपत्री मान्यता मिळाली ती अशी, कासनंतर बऱ्याच वर्षांनी. माळरान म्हणजे पडीक जमीन, हा महसुली समज मोडायला सुरुवात झाली म्हणायची. लांडगा, खोकड, तितर, चंडोल यांना झाडी नको असते, गवत हवं असतं. तिथं वृक्षारोपणाच्या उत्साहानं खड्डे खणले की त्यांचंच घर मोडतं. मेंढक्याचं लांडग्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर आहे, तरी लांडगा नाही असा माळ त्यालाही खोटा वाटतो.

२०२७ साली माडगूळकरांच्या जन्माला शंभर वर्षं होतात. सभा होतील, विशेषांक निघतील, कमानी उभ्या राहतील. ज्यांना त्याआधी हा मुलुख बघायचा असेल त्यांनी उन्हाळ्यात जाऊ नये, पावसाळ्यातही नको. दिवाळीचा फराळ संपला की निघावं. दहिवडीपर्यंत एसटी, पुढं जमेल तेवढं पायी, म्हसवडला सिद्धनाथाचं देऊळ बघून दिघंचीमार्गे आटपाडी. वाटेवर अजून चालणारे वाडे असतील, ते समोरून येतील, पश्चिमेकडे जाणारे. घोड्यावरची कोंबडी आधी दिसेल. ‘बनगरवाडी’ पिशवीत असावी, पण ती मुक्कामाला पोचल्यावर वाचायची. वाटेवर असताना वही काढावी, आणि वाड्याच्या फार जवळ जाऊ नये. कुत्री चावतात.